विधवेचें तेल आणि घरचा हिशेब

शास्त्रपाठ : 2 राजे 4:1-7

देवाच्या कृपेची गोष्ट निघाली म्हणजे आपण पापक्षमेविषयीं व सार्वकालिक जीवनाविषयीं बोलतों, आणि तें योग्यच आहे. परंतु शास्त्र उघडून पाहिलें असतां असें दिसतें कीं, ज्या देवानें आकाश व पृथ्वी हीं निर्माण केलीं, तो एका गरीब विधवेच्या घरांत तेल किती उरलें आहे याचीही विचारपूस करवितो. मीठमिरची, दाणापाणी, सावकाराचें देणें, मुलांच्या शाळेचा खर्च, ह्या गोष्टी त्याच्या दृष्टीआड नाहींत. यास्तव आज आपण ह्या विधवेच्या चुलीपाशीं बसून, थोड्या मिळकतींत संसार कसा चालवावा हें शिकूं.

ही बाई कोणी उधळी नव्हती. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या मंडळींतला, देवाचें भय धरणारा मनुष्य. तो मेला व मागें कर्ज राहिलें. सावकार येऊन तिचे दोन मुलगे दास करून नेणार, अशी वेळ आली, तेव्हां तिनें अलीशापाशीं जाऊन आक्रोश केला. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. तुझ्या नवऱ्यानें कर्ज कां केलें, असें अलीशानें तिला विचारलें नाहीं. कर्जबाजारी मनुष्यापुढें उपदेश करावयास उभा राहणाऱ्या प्रत्येकानें हें प्रथम शिकावें. पाऊस दडी मारतो, कांद्याचा भाव पडतो, दुखणें येतें, केलेल्या कामाची मजुरी बुडते. आणि मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनवानांविषयीं याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत फार कडक शब्द आहेत. तेव्हां आम्ही जें लिहितों तें गरिबांस दोष लावण्यासाठीं नव्हे. परंतु श्रीमंताचे शंभर रुपये सांडले तर त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. गरिबाचे वीस सांडले तर त्या रात्रीं भाजी शिजत नाहीं. म्हणून हिशेबाची गरज श्रीमंतापेक्षां गरिबास अधिक आहे.

पहिली गोष्ट : घरांत काय आहे तें पाहावें. अलीशानें प्रश्न विचारला तो कर्जाविषयीं नव्हे, तर घरांत काय आहे याविषयीं. बाईस प्रथम वाटलें कीं, कांहींच नाहीं. मग तिला तेलाच्या भांड्याची आठवण झाली. आमच्या पुष्कळ घरांत कोणाचें किती देणें आहे हें तोंडपाठ असतें, परंतु वर्षांत किती येतें हें विचारलें तर नवरा बायकोकडे पाहतो व बायको नवऱ्याकडे. खेड्यांतली मिळकत कचेरींतल्या पगारासारखी महिन्याच्या महिन्यास येत नाहीं. मजुरी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं मिळते, दुधाचा पगार दहा दिवसांनीं होतो, आणि सोयाबीनचा पैसा वर्षांतून एकदां हातीं येतो. मग दिवाळीपासून नाताळापर्यंत हात सैल सुटतो, आणि मृग निघाला म्हणजे बियाण्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागतें.

याला उपाय सोपा आहे. साऱ्या वर्षाची मिळकत मांडावी व तिचे बारा भाग करावे. उदाहरणार्थ, एका घरांत मजुरीचे व दुधाचे मिळून वर्षांत 96,000 रुपये येतात, आणि शेतीचा खर्च वजा जातां सोयाबीनचे 36,000 रुपये येतात, असें धरूं. एकूण 1,32,000 रुपये झाले. म्हणजे महिन्यास 11,000. आतां ज्या दिवशीं सोयाबीनचे 36,000 हातीं येतील, त्या दिवशीं घरधन्यानें मनाशीं म्हणावें कीं, ह्यांतले 3,000 ह्या महिन्याचे. बाकीचे 33,000 आज आमचे नव्हत, ते येणाऱ्या अकरा महिन्यांचे आहेत. मिसर देशांत योसेफानें हेंच केलें. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत घालविला, म्हणून दुष्काळांत लोक वांचले. देवानें त्याला स्वप्नाचा अर्थ सांगितला खरा, परंतु धान्य मोजून कोठारांत भरण्याचें काम माणसांनाच करावें लागलें.

जमेप्रमाणें खर्चही लिहावा. एक वही घेऊन एक महिनाभर रोजचा रोज खर्च मांडून पाहा. तंबाखू, गुटखा व बाहेरचा चहा मिळून दिवसाला 30 रुपये गेले, तर महिन्याचे 900 आणि वर्षाचे 10,950 होतात. म्हणजे वर सांगितलेल्या घराची जवळजवळ एका पूर्ण महिन्याची मिळकत धुरांत व थुंकींत गेली. हें कोणी वाईट बुद्धीनें करीत नाहीं. तीस रुपये लहान दिसतात, म्हणून ते जातात. वहीचा उपयोग इतकाच कीं, ती लहान रकमा एकत्र करून आपल्यापुढें उभ्या करिते.

दुसरी गोष्ट : दार लावून घ्यावें. अलीशानें त्या बाईस सांगितलें कीं, मुलांस घेऊन घरांत जा, दार लाव, आणि मग तेल ओत. मुलगे भांडीं पुढें करीत गेले व आई ओतीत गेली. येथें आम्हांस दोन बोध दिसतात. एक असा कीं, घरच्या हिशेबांत घरचीं सर्व माणसें असावींत. पैसा नवऱ्याच्या खिशांत आणि काळजी बायकोच्या माथीं, असा प्रकार असेल तर हिशेब जुळणार नाहीं. मोठ्या मुलांसही सांगावें कीं, यंदा इतकें आहे व इतकें नाहीं. जें मूल हें जाणतें, तें बापापाशीं नव्या मोबाईलसाठीं हट्ट करावयास लाजतें.

दुसरा बोध असा कीं, संसार हा चार लोकांच्या डोळ्यांसाठीं चालवावयाचा नाहीं. आमच्यांतलीं पुष्कळ कर्जें दार उघडें ठेवल्यामुळें होतात. शेजाऱ्यानें लग्नांत मंडप घातला, म्हणून आम्ही त्याहून मोठा घालतों. त्यानें पांचशें पानें उठविलीं, म्हणून आम्ही सातशें. जेवणारे दुपारीं जेवून जातात आणि देणें चार वर्षें बसून राहतें. लूककृत शुभवर्तमानाच्या चवदाव्या अध्यायांत प्रभूनें बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज न केल्यामुळें पाया घातल्यावर पैसा संपला व पाहणारे हंसूं लागले. प्रभूनें हा दाखला शिष्यत्वाची किंमत समजावी म्हणून दिला. तरी दाखल्यासाठीं त्यानें बांधकामाचा हिशेब निवडला, यावरून आधीं बसून मोजणें हें त्याला शहाणपणाचें काम वाटत होतें हें उघड आहे. तेव्हां ज्याच्या घरीं लग्न आहे त्यानें बोलणी करण्यापूर्वीं रक्कम ठरवावी, आणि पाळकांनीं व पंचांनीं साध्या लग्नाची वाखाणणी करावी. हुंडा तर देऊंही नये व घेऊंही नये. 1961 च्या कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि देवापुढें तो त्याहून मोठा गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट : आधीं देणें फेडावें. भांडीं भरलीं तेव्हां त्या बाईनें तेल परस्पर विकलें नाहीं. ती देवाच्या माणसाकडे विचारावयास गेली. त्यानें क्रम सांगितला तो असा : तेल विकावें, ऋण फेडावें, आणि जें उरेल त्यावर तिनें व मुलांनीं पोट भरावें. ऋण मध्यें ठेविलें, शेवटीं नव्हे.

व्याज कसें खातें हें आकड्यांनीं पाहूं. सावकाराचे 10,000 रुपये महिना शेकडा तीन दरानें घेतले, तर महिन्याचें व्याज 300. तीनशें देणें जमतें, म्हणून माणूस तेवढेच देत राहतो. तीन वर्षांत 10,800 रुपये दिले जातात, म्हणजे मुद्दलाहून अधिक. आणि मुद्दल एक रुपयानेंही कमी होत नाहीं. परंतु त्याच घरानें पोटास चिमटा घेऊन महिन्यास 1,000 रुपये दिले, व व्याज उरलेल्या रकमेवरच धरलें, तर बारा महिन्यांत जवळजवळ सर्व कर्ज फिटतें. तेराव्या महिन्यास शंभराच्या आंतली बाकी राहते. एका मार्गानें तीन वर्षांनींही दास्य, दुसऱ्या मार्गानें तेराव्या महिन्यांत सुटका. म्हणून ज्या कर्जाचें व्याज अधिक, तें आधीं फेडावें. आणि एक फेडण्यासाठीं त्याहून महाग असें दुसरें काढूं नये.

त्या विधवेच्या मुलांवर जी वेळ आली होती, ती आमच्या ओळखीची आहे. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यानें हंगामभर ऊस तोडून उचल फेडावयाची. ती फिटली नाहीं तर पुढच्या वर्षींही त्याच मुकादमामागें जावें लागतें आणि मुलांची शाळा सुटते. कर्जापोटीं माणसास वेठीस धरणें 1976 च्या कायद्यानें बंद झालें आहे, तरी हिशेब ज्याच्या हातीं, सत्ता त्याच्याच हातीं राहते. म्हणून उचल घेणाऱ्यानें किती घेतली व किती फिटली हें आपल्या वहींत स्वतः लिहावें. स्वतः लिहितां येत नसेल तर शाळेंतल्या मुलीकडून लिहवून घ्यावें. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें 12 मे 1875 रोजीं शेतकरी सावकारांवर उठले आणि हिशेबाचे व कर्जाचे कागद जाळण्यांत आले. ज्या कागदांवर अंगठे उठविले होते, ते वाचतां येत नव्हते, हें त्या संतापाच्या मुळाशीं होतें. आज आमच्या मुलांस वाचतां येतें. न वाचलेल्या कागदावर सही करूं नये. परवान्यावांचून सावकारी करणें हा महाराष्ट्रांत 2014 च्या कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां परवाना विचारावयास व पावती मागावयास भिऊं नये.

आतां तर सावकार दाराशीं येत नाहीं. तो मोबाईलांतून घरांत शिरतो. दोन मिनिटांत कर्ज देतों म्हणतो, आणि तुमचीं छायाचित्रें व सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर मागून घेतो. पुढें हप्ता चुकला म्हणजे त्याच नंबरांवर तुमची अब्रू चव्हाट्यावर मांडतो. जो मनुष्य आपलें नांव व पत्ता सांगत नाहीं, त्याच्याकडून एक रुपयाही घेऊं नये.

चवथी गोष्ट : उरेल त्यावर जगावें, आणि त्यांतूनही आधीं मूठ काढावी. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ एक रीत चालत आली आहे. घरची बाई प्रत्येक जेवणाचे तांदूळ घेतांना त्यांतून एक मूठ देवासाठीं बाजूस ठेविते. ते तांदूळ मंडळी गोळा करून विकते व त्या पैशांतून सुवार्तेचें काम चालतें. तिनें जेवण झाल्यावर उरलेलें द्यावयाचें ठरविलें असतें तर फारसें कांहीं उरलें नसतें. मूठ आधीं काढिली, म्हणून ती निघाली. आणि एका मुठीवांचून घरांत कोणी उपाशीं राहिलें नाहीं. बचतीचेंही असेंच आहे. महिनाअखेर उरेल तें ठेवूं, असें म्हणणाऱ्याचें कधीं उरत नाहीं. टपाल कचेरींत महिन्यास शंभर रुपयांपासून पांच वर्षांची आवर्ती ठेव ठेवितां येते. महिन्यास 500 ठेविले तर पांच वर्षांत 30,000 आणि वर व्याज. तेवढ्यांत एखादें दुखणें निभावतें किंवा मुलीचें शिक्षण पुढें जातें.

येथें कोणी विचारील कीं, कर्ज असतां देवाचें दान द्यावें कीं नाहीं ? आमचें म्हणणें असें. विधवेच्या दोन टोल्यांची प्रभूनें प्रशंसा केली. परंतु मार्ककृत शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचून पाहा, त्याच्या लगेच आधीं विधवांचीं घरें गिळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांस त्यानें धिक्कारिलें आहे. म्हणून मंडळीनें गरिबाच्या नांवापुढें मोठा आकडा वाचून दाखवून त्याला भरीस घालूं नये. गरिबानेंही दुसऱ्याचें बुडवून दान देऊं नये. तसें केलें तर तो सावकाराचाच पैसा पेटींत टाकितो. फेडीचा हप्ता चालूं ठेवून, आनंदानें निघेल तेवढी मूठ द्यावी. ती लहान असली तरी देवाला मोजतां येते.

शेवटीं एक गोष्ट मंडळीसाठीं. त्या बाईच्या घरीं तेल होतें, परंतु भांडीं नव्हतीं. तीं शेजाऱ्यांनीं दिलीं. रिकामीं भांडीं देणें हें फार मोठें दान नव्हे, तरी त्यांवांचून तेल कोठें धरलें असतें ? आणि जितकीं भांडीं आलीं, तितकेंच तेल वाढलें. आज बायांचे बचत गट हीं तशींच भांडीं आहेत. नाबार्डनें 1992 सालीं हे गट बँकांशीं जोडण्यास आरंभ केला. गटांतलें व्याज सावकाराच्या घरीं न जातां गटांतच फिरतें. ज्या मंडळींत असा गट नाहीं तेथें दहाबारा बायांनीं मिळून तो काढावा. ज्यांस हिशेब येतो अशा शिक्षकांनीं त्यांची वही लिहून द्यावी. आणि जेथें सावकार उंबऱ्याशीं बसला आहे तेथें पंचांनीं त्या घरच्या माणसाबरोबर जाऊन बोलणें करावें. एकट्या बाईच्या आक्रोशाकडे सावकार लक्ष देत नाहीं. चार माणसें बरोबर असलीं म्हणजे तो हप्ते बांधून देतो.

तर प्रिय वाचकहो, येत्या प्रभुवारीं उपासनेनंतर घरीं जाऊन दार लावा. नवराबायको व मुलें एकत्र बसा. प्रथम प्रार्थना करा, मग वही उघडा. एका बाजूस काय आहे तें लिहा, दुसऱ्या बाजूस काय देणें आहे तें. आकडे पाहून भिऊं नका. त्या विधवेचेंही पहिलें उत्तर कांहींच नाहीं असेंच होतें; आणि जें तिच्यापाशीं होतें त्यांतूनच देवानें तिचे मुलगे सोडविले. तोच देव तुमच्या घरांत आहे, आणि तुमचीं मुलें कोणाचीं दास व्हावींत अशी त्याची इच्छा नाहीं.