आपली माणसं

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात एका मराठी काकूंची सहा बिऱ्हाडांची इमारत होती. एक जागा रिकामी झाली. काकूंनी कागदावर लिहिलं, ‘भाड्याने देणे आहे. फक्त भारतीय कुटुंबास.’ आणि कागद ओळखीच्या किराणा दुकानात लावायला नेला.

दुकानदाराने तो वाचून परत दिला. ‘‘काकू, हे लावता येणार नाही. कायदा आड येतो. लिहिणारा आणि छापणारा, दोघंही जबाबदार.’’

‘‘मी कुणाला नको म्हटलंय का? आपली माणसं बरी, एवढंच.’’

‘‘फक्त आपली म्हटलं की बाकीच्यांना नको म्हणून झालंच. दाराबाहेरच्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं.’’

मग त्याने वडिलांची हकिगत सांगितली. ते जागेसाठी फोन करत. उच्चार ऐकला की पलीकडून उत्तर येई, ‘जागा गेली.’ तासाभराने त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्याने विचारलं, तर तीच जागा रिकामी! आज अशी लबाडी पकडायला संस्था मुद्दाम दोन माणसं पाठवतात. मिळकत सारखी, कागदपत्रं सारखी, जन्माचा देश तेवढा वेगळा.

‘‘मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ला, घर देताना भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या फेअर हाऊसिंग ॲक्टवर सही झाली. काळ्या माणसांनी वर्षानुवर्षं लढून तो मिळवला. त्यात वर्णाबरोबर जन्माचा देशही आहे, काकू. म्हणजे तुम्ही आणि मीसुद्धा.’’

काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘पण भाडेकरूची चौकशी करायचीच नाही?’’

‘‘करा की! पगार विचारा, आधीच्या घरमालकाला विचारा. फक्त सगळ्यांना तेच विचारा.’’

काकूंनी दुसरी ओळ खोडली.

पहिला अर्ज घानाहून आलेल्या एका नर्सचा आला. कागदपत्रं चोख. काकूंनी जागा तिला दिली. दोन दिवसांनी पुण्याचं एक जोडपं आलं. नवरा दुखावून म्हणाला, ‘‘काकू, आपल्या माणसांना सोडून परक्या बाईला?’’

‘‘ती आधी आली. आणि ती ज्या दारातून आत आली, त्याच दारातून आत येऊन आपण या देशात राहतोय.’’

काकूंनी त्यांना चहा दिला, इतरांना विचारले तेच प्रश्न विचारले आणि वहीत तारखेसह नाव लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू जूनमध्ये जाणार होते. तेव्हा पहिला फोन या जोडप्यालाच करायचा होता.