तुला हवं ते कर

आपल्या घरांत काही वाक्ये अशी असतात, की ती मोठी उदार वाटतात. त्यांतला गारठा ज्याला ऐकावी लागतात त्यालाच कळतो. ‘तुला हवं ते कर’ हे त्यांपैकी एक. सहा वर्षांपूर्वी मी ते माझ्या मुलीला ऐकवले. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती मातीची भांडी घडवायला शिकणार होती. मी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. हे चार शब्द बोललो आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडले. त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःला मोठा उदारमतवादी बाप समजत होतो!

गेल्या दिवाळीत ती आली होती. फराळाची ताटे आवरल्यावर तिने एक जुनी अमेरिकन ध्वनिमुद्रिका लावली : ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकाची ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’. 22 मे 1959 रोजी लॉस एंजेलिस येथे चौघांनी ती वाजवली. कोलमनचा सॅक्सोफोन, डॉन चेरीचे कॉर्नेट, चार्ली हेडनचा बास आणि बिली हिगिन्सचे ड्रम. पाच मिनिटे मी कशीबशी काढली आणि म्हणालो, “अगं, हे चौघे भांडताहेत की काय?”

“बाबा, पुन्हा एकदा ऐका,” ती म्हणाली.

असे वाटणारा मी काही पहिलाच नव्हे. 1959 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत हे चौघे वाजवू लागले, तेव्हा तिथल्या जाणकारांतही दोन तट पडले. टेक्सासमध्ये गरिबीत वाढलेला, लिफ्ट चालवण्याची नोकरी करता करता संगीतशास्त्राची पुस्तके वाचणारा, पैशाअभावी प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेतलेला हा कृष्णवर्णीय तरुण कोणाला द्रष्टा वाटला, कोणाला निव्वळ ढोंगी. पुढे 2007 मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, ही गोष्ट निराळी.

त्याने केले तरी काय? तबल्याच्या एकलवादनात लेहरा चालू असतो. त्यामुळे वादक कितीही दूर गेला, तरी समेचा पत्ता त्याला ठाऊक असतो. जॅझमध्ये काहीसे असेच काम पियानो करतो. ठरलेले स्वरसंघात ठरलेल्या क्रमाने येत राहतात आणि वादक त्यांच्या आधाराने आपली कल्पना फुलवतो. कोलमनने पियानोच ठेवला नाही. ती ठरलेली साखळीही बाजूला सारली.

मला वाटले, मग सोपेच झाले की! नियम गेले, आता ज्याने त्याने हवे ते करावे. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र उलटेच लक्षात आले. आराखडा ठरलेला असतो तेव्हा माणसाला थोडे बहिरे राहूनही निभावता येते. आपली पाळी कधी, आपली जागा कुठली, हे तो आराखडाच सांगतो. इथे हेडनला पुढचा स्वर सापडायचा, तर कोलमन कुठे निघाला आहे याकडे सतत कान हवा. ‘लोनली वुमन’ या पहिल्याच रचनेत ड्रम भरधाव धावतात आणि त्यांच्यावर दोन्ही सुषिरवाद्ये संथ, व्याकूळ चाल आळवतात. एकाची गती दुसऱ्याने उचललेली नाही. तरी घर एकच आहे. चौघे मिळून सुरुवात करतात, पांगतात आणि शेवटी मूळ चालीवर परत एकत्र येतात.

माझी चूक मला तिथे उमगली. मुलीला मी मोकळीक दिली नव्हती. मी तिला मोकळे सोडले होते. मोकळीक देणाऱ्याचे काम तिथे संपत नाही. रीत होती तोवर रीतच आमच्या वतीने बोलत होती. ती बाजूला झाल्यावर तिचे ऐकण्याची जबाबदारी माझ्यावर आली होती आणि नेमका तेव्हाच मी वर्तमानपत्रात तोंड घातले.

“मग मुलांच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची काय?” असे कोणी विचारील. मुळीच नाही. चेरी कोलमनची नक्कल करीत नाही. त्याचे ऐकून तो स्वतःचे उत्तर देतो. ऐकणे म्हणजे होकार देणे असते, तर चौघांची गरजच काय होती? एकटा पुरला असता.

त्या चौघांपैकी आज कोणीच हयात नाही. कोलमन 2015 मध्ये गेला. मला मात्र अजून वेळ होती. चार दिवाळ्या तिने घडवलेल्या पणत्या आमच्या उंबऱ्यावर जळल्या, पण त्या कशा भाजतात हे मी एकदाही विचारले नव्हते. त्या रात्री विचारले.

“ओल राहिली की भट्टीत तडकतात, बाबा,” ती म्हणाली, “आधी सावकाश सुकू द्याव्या लागतात.” आणि मग कितीतरी उशिरापर्यंत ती बोलत राहिली. नोकरी सोडण्याची तिने घाई केली, असे मला अजूनही वाटते. मी तसे सांगितलेही. गंमत म्हणजे, ती मुळीच रागावली नाही.