निरक्षर आईबाप व मुलांचे माध्यमिक शिक्षण

"आम्हांस अक्षर ठाऊक नाही, मुलांच्या अभ्यासात आम्ही काय लक्ष घालावे?" असे नरखेड तालुक्यातील कित्येक आईबाप म्हणतात. हे बोलणे नम्रतेचे दिसते खरे. पण ते जबाबदारी टाळण्याचे निमित्त तर नव्हे ना?

सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. नववीच्या दाराशी ती सक्ती थांबते. तेथून पुढे मूल शाळेत टिकेल की नाही, हे बहुतांशी आईबापांच्या मनावर आहे. आणि नेमके तेव्हाच त्याचे हात कामाजोगे झालेले असतात. दिवाळीच्या मागेपुढे कपाशीची वेचणी असते. संत्र्यांचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीस येतो, आणि दहावीची परीक्षाही त्याच दिवसांत. मजूर महाग, घरचे पोर फुकट! त्या सकाळी मुलाच्या हाती टोपली द्यावी की दप्तर, हे ठरविण्यास बापास अक्षर यावे लागते काय? मुलीची गोष्ट तर याहून कठीण. घरात कोणी आजारी पडले की प्रथम तिचीच शाळा बुडते.

पुण्यास गोविंदराव फुले ह्यांनी लोकांच्या सांगण्यावरून आपला पुत्र जोतीराव ह्यास शाळेतून काढून मळ्यात कामास लाविले होते. गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या शेजाऱ्यांनी समजूत घातली, तेव्हा त्यांनी आपला निश्चय फिरविला, व १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. पुढे १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढिली. बापाने मळ्यातील दोन हात मोकळे केले म्हणून हे घडले.

तथापि ह्याच गोविंदरावांनी १८४९ साली लोकांच्या दडपणामुळे पुत्रास व सून सावित्रीबाई हिला घराबाहेर काढिले. शिकलेले मूल आपल्याच मनासारखे वागेल, असा करार कोणी लिहून देत नाही. तेव्हा "शिकविले तर पोर हातचे जाईल," हे आईबापांचे भय अगदीच खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मूल हाताशी राहावे म्हणून त्यास अडाणी ठेवणे, ह्यास आम्ही माया म्हणणार नाही.

आता करावयाचे काय? प्रगतिपुस्तकावर अंगठा उमटविण्यापूर्वी ते मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावे. कोणत्या विषयात ते मागे आहे, किती दिवस गैरहजर होते, हे गुरुजींस समक्ष विचारावे. पालकसभेस बापास सवड नसेल तर आईने जावे. बहुधा तीच अधिक नेमके विचारते. आणि शाळेची पायरी चढावयास जे बिचकतात, त्यांच्याबरोबर उपदेशक बंधूंनी पहिल्या खेपेस तरी स्वतः जावे.