अशांततेच्या काळात सफारीला जावे काय?

'सफारी' हा शब्द परका वाटला तरी तो आपल्या 'सफर' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मूळ अरबी शब्द एका वाटेने फारसीतून मराठीत आला आणि दुसऱ्या वाटेने अरब व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन स्वाहिलीत स्थिरावला. स्वाहिलीत त्याचा अर्थ प्रवास एवढाच आहे. मोम्बासाहून कामानिमित्त नैरोबीस निघालेला कारकूनही तेथे सफारीवरच असतो. हौसेने वन्य प्राणी पाहावयास जाणे हा अर्थ त्याला बाहेरून आलेल्यांनी दिला. हा अर्थभेद येथे सांगण्याचे कारण असे की, आजचा आपला प्रश्न या दोन अर्थांमधल्या फटीतच उभा आहे. ज्या देशातील माणसे कामाच्या सफरीसही धजावत नाहीत, त्या देशात आपण हौसेच्या सफरीस जावे काय?

बडोद्यासारख्या शहरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नैरोबी, मोम्बासा, कंपाला ही नावे आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहेत. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडण्यास फर्माविले, त्या वेळच्या आठवणी सांगणारे लोक अद्याप आपल्यात आहेत. अलीकडे निवृत्तीनंतर थोडी पुंजी गाठीशी असलेली मराठी कुटुंबेही मसाई माराला जाऊ लागली आहेत. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत लाखो विल्डबीस्टांचे कळप सेरेंगेटीतून मारा नदीकडे येतात. तो देखावा आयुष्यात एकदा तरी पाहावा, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. मात्र ज्या देशांत तो पाहावयास मिळतो, तेथील राजकारण नेहमीच शांत असते असे नाही.

प्रथम घटना पाहू. केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी अध्यक्षीय निवडणूक झाली. ३० डिसेंबरला निकाल जाहीर होताच देश पेटला. एल्डोरेटजवळच्या एका चर्चमध्ये आश्रय घेतलेली बायकामुले १ जानेवारी २००८ रोजी जाळली गेली. नाकुरू आणि नैवाशा ही सरोवरांसाठी प्रसिद्ध असलेली गावेही त्या महिन्याच्या अखेरीस हिंसाचारात सापडली. ११०० हून अधिक माणसे मेली, सुमारे सहा लाख बेघर झाली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी समझोता झाला. पुढे २०२४ साली करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध केनियातील तरुण रस्त्यावर आले. २५ जूनला ते संसदेच्या इमारतीत शिरले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष रुटो यांनी त्या विधेयकावर सही करण्यास नकार दिला. शेजारच्या टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीच्या दिवशी दार-ए-सलाममध्ये संचारबंदी लागली आणि देशभर इंटरनेट बंद झाले. विद्यमान अध्यक्षांना जवळजवळ ९८ टक्के मते मिळाल्याचे जाहीर करण्यात आले.

या तीनही प्रसंगी अनेकांच्या हाती विमानाची तिकिटे होती. त्यांनी काय करावयास हवे होते?

पहिला विचार साहजिकच स्वतःच्या सुरक्षिततेचा येतो. तो आवश्यक असला तरी नीतीच्या दृष्टीने फार खोल नाही. मसाई मारा नैरोबीपासून बरेच दूर आहे. २००८ साली दंगलखोरांचा रोख परदेशी प्रवाशांवर नव्हता. त्यामुळे 'तेथे आपल्याला काही होत नाही' हे विधान बहुधा खरे ठरते. जेथे प्रवासी हेच लक्ष्य असतात, तेथील गोष्ट वेगळी. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे जे २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्राचे आणि गुजरातचेही प्रवासी होते, आणि एक स्थानिक घोडेवालाही होता. अशा ठिकाणी न जाणाऱ्यास कोणी भ्याड म्हणू नये. पण आपण सुरक्षित राहू एवढ्यावरून जाणे योग्य ठरत नाही.

शासकीय सेवेत असताना संचारबंदीच्या काळात परवाने देण्याचे काम काही वेळा माझ्याकडे येई. दुधाची गाडी, औषधे, अडलेली बाळंतीण, मयतास जाणारे नातलग यांच्याबद्दल प्रश्न नसे. प्रश्न पडे तो लग्नाच्या वऱ्हाडाचा. वऱ्हाडी मंडळी सांगत, 'साहेब, आम्ही आमच्या जबाबदारीवर जाऊ.' पण तसे जाणे शक्यच नसते. त्या वऱ्हाडामागे दोन शिपाई द्यावे लागत आणि ते कुठल्यातरी नाक्यावरून काढावे लागत. तेथे शिकलेली गोष्ट अशी की, बंदोबस्ताच्या काळात सुरक्षितता ही मोजून दिलेल्या शिध्यासारखी असते. आपण ती घेतली तर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून घेतो. म्हणून 'मी सुरक्षित आहे काय?' या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न असा की, 'माझी सुरक्षितता कोणाच्या वाट्यातून येते आहे?'

दुसरा विचार औचित्याचा. शेजारी मयत झाले असता आपल्या घरी गोडधोड शिजत नाही. हा संकेत कोणत्याही कायद्याने घातलेला नाही, तरी तो मोडणारा मनुष्य आपणांस हीन वाटतो. नैरोबीत मुलांची प्रेते शवागारात पडलेली असताना त्याच शहरातून दुर्बीण गळ्यात अडकवून पुढे जाणे हे त्याच जातीचे वर्तन नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. पण त्याच संकेताची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. शेजारी गवळी असेल आणि त्याच्या घरी दुःख घडले, तर आपण आपला सण आवरता घेतो. त्याचा रतीब बंद करीत नाही. उलट त्या महिन्यात पैसे वेळेवर, जमल्यास आगाऊ पोहोचवितो. दुःखाचा मान राखणे आणि दुःखितांचे उत्पन्न तोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथून तिसरा विचार निघतो, तो उपजीविकेचा. २००८ च्या आरंभी प्रवाशांनी केनियाकडे पाठ फिरविली तेव्हा किनाऱ्यावरील आणि अरण्यांतील निवासगृहे ओस पडली आणि नोकर घरी बसले. माराच्या राखीव अरण्याभोवती मासाई कुटुंबांनी आपल्या मालकीच्या जमिनी एकत्र करून वन्य प्राण्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्यांचे भाडे त्यांना पर्यटन संस्थांकडून मिळते. प्रवासी आले नाहीत तर भाडे थकते, भाडे थकले की जमिनीस कुंपण पडते, आणि कुंपण पडले की कळपांची वाट अडते. २०२० सालच्या महामारीत हा धोका स्पष्ट दिसला. म्हणजे दंगलीशी ज्यांचा सुतराम संबंध नाही अशी माणसे आणि मुकी जनावरे आपल्या रद्द केलेल्या तिकिटाची किंमत मोजतात.

हा युक्तिवाद मला मान्य आहे, मात्र तो आपल्या तोंडी आला की थोडा संशय धरावा. ज्याला जावयाचेच आहे त्यास तो फार सोयीचा असतो. सहल ही सहलच. तिला परोपकाराचे उपरणे पांघरण्याचे कारण नाही. हेतू खरोखरच उपजीविका राखण्याचा असेल तर त्याची एक सोपी कसोटी आहे : आपण गेलो नाही तरी भरलेली आगाऊ रक्कम तिकडेच राहू देण्याची आपली तयारी आहे काय? ती नसेल तर आपण गवळ्याची काळजी करीत नसून दुधाची करीत आहोत.

माझ्या मते या प्रश्नाची खरी मेख अशांतता कोणत्या प्रकारची आहे यात आहे. सगळ्या अशांतता सारख्या मानल्या की निर्णय चुकतो.

पहिला प्रकार २००८ च्या जानेवारीचा. तेव्हा शेजारी शेजाऱ्यावर उठला होता आणि रस्ता कोणाचाच उरला नव्हता. अशा वेळी बाहेरच्याने वाट अडवू नये. जाणे लांबणीवर टाकावे आणि पैसे परत मागू नयेत. दुसरा प्रकार जून २०२४ चा. तेथे जनता सरकारला जाब विचारीत होती. मारा राखीव अरण्याचे प्रवेशशुल्क नारोक जिल्ह्याच्या स्थानिक शासनाकडे जाते, नैरोबीच्या मंत्रिमंडळाकडे नव्हे. तेथील प्रवाशाने सरकारची बाजू घेतली असे म्हणणे ओढूनताणून होईल. रस्ते खुले झाल्यावर जाण्यास मला नैतिक अडचण दिसत नाही.

तिसरा प्रकार अधिक अवघड आहे. काही ठिकाणी अशांतता सफारीच्या वाटेत येत नाही. ती सफारीमुळेच निर्माण होते. टांझानियात १९५९ साली सेरेंगेटीतून मासाई लोकांना काढून त्यांना गोरोंगोरोच्या परिसरात वसविण्यात आले. जून २०२२ मध्ये लोलिओंडो येथे सुमारे १५०० चौरस किलोमीटर जमीन राखीव करण्यासाठी खांब रोवले गेले. विरोध करणाऱ्या मासाई लोकांवर गोळीबार झाला, एक पोलीसही मारला गेला आणि अनेक कुटुंबे सीमा ओलांडून केनियात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये गोरोंगोरोच्या मासाईंनी रस्त्यावर येऊन निदर्शने केली तेव्हा प्रवाशांच्या गाड्या अडून राहिल्या. आता या गाडीत बसलेल्या सद्गृहस्थास 'मला राजकारणाशी काय कर्तव्य?' असे म्हणता येईल काय? ज्या मोकळ्या माळरानाचे तो छायाचित्र घेतो, ते मोकळे कसे झाले हाच तर तंटा आहे. तेथे जाणे सर्वस्वी निषिद्ध आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या निवासगृहासाठी कोणाची गुरे हुसकली गेली असतील तेथे न उतरणे, एवढे तरी आपल्या हाती असते.

यावर कोणी म्हणेल की, आपण दूर बसून तर्क लढविण्यापेक्षा तेथील लोकांनाच विचारावे. सल्ला उत्तम आहे. म्यानमारचे उदाहरण बोलके आहे. लष्करी राजवटीच्या काळात आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने परदेशी प्रवाशांनी येऊ नये असे आवाहन केले होते. पुढे २०१० मध्ये त्याच पक्षाने आपली भूमिका सौम्य करून एकट्यादुकट्या प्रवाशास हरकत नाही असे सांगितले. दोन्ही वेळी बाहेरच्यांना दिशा देणारा आतला आवाज होता. केनिया किंवा टांझानियाच्या बाबतीत असा एक आवाज नाही. आपण विचारतो ते सहलीच्या गाडीचालकास, आणि तो 'अवश्य या, काही भीती नाही' असेच म्हणणार. तो खोटे बोलतो असे नव्हे. पण ज्याच्या मुलांची फी आपल्या येण्यावर अवलंबून आहे त्याचा होकार पूर्णपणे मोकळा नसतो. मी तर त्याला निराळाच प्रश्न विचारीन : 'तुम्हाला त्या दिवसांत कोठे असावेसे वाटते?'

या प्रश्नाचे महत्त्व एका नजीकच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. केनियाच्या राज्यघटनेनुसार सार्वत्रिक निवडणूक दर पाचव्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी होते. त्या हिशेबाने ती १० ऑगस्ट २०२७ रोजी येते, म्हणजे नेमकी कळप नदी ओलांडण्याच्या भर हंगामात. मतदानासाठी तेथील असंख्य लोक नोकरीचे गाव सोडून आपापल्या मूळ गावी जातात. आपली गाडी हाकणारा, आपले जेवण रांधणारा, रात्री तंबूबाहेर पहारा देणारा, हे सारे मतदार असतात. आपण त्या आठवड्यात गेलो तर कदाचित एका चालकाचे मत आपल्या सिंहदर्शनात खर्ची पडेल. आणि निकालानंतर काही बिघडलेच तर तो आपल्या बायकामुलांपासून दूर, आपल्या रक्षणात गुंतलेला असेल. म्हणून ज्या मंडळींचे बेत चालू असतील त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, त्यांनी सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा. कळप तेव्हाही तेथेच असतात. बेत रद्द करणे आणि हट्टाने तडीस नेणे, या दोहोंच्या मध्ये तारीख बदलणे नावाची एक साधी वाट असते. आपण ती फार कमी वेळा चोखाळतो, कारण तीत धाडसाचे श्रेय नाही आणि त्यागाचेही नाही.

सारांश, अशांत देशात जाण्यास सरसकट बंदी किंवा सरसकट मुभा असे उत्तर देता येत नाही. आपल्यामुळे कोणाचा बंदोबस्त काढून घेतला जातो काय, आपला पैसा कोणाच्या हाती जातो, तंटा आपण पाहणार त्या वस्तूवरूनच आहे काय, आणि आपली सेवा करणाऱ्यास त्या वेळी दुसरीकडे असण्याचे अधिक मोठे कर्तव्य आहे काय, हे चार प्रश्न प्रामाणिकपणे विचारले तर बहुतेक प्रसंगी उत्तर आपोआप मिळते. चारही उत्तरे अनुकूल आली तर खुशाल जावे, आणि जाऊन आनंद मानावयास संकोच करू नये. खंतावलेला पाहुणा यजमानास जड होतो. एकही उत्तर प्रतिकूल आले तर घरी राहावे. कळप पुढच्या वर्षी पुन्हा येतील. त्या देशातील माणसांना मात्र तो विशिष्ट मंगळवार पाच वर्षांतून एकदाच मिळतो.