नकाराची खात्री

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात घटनेचा मूलभूत ढाचा संसदेसही मोडता येणार नाही, असे सात विरुद्ध सहा मतांनी ठरले. लगोलग शेलत, हेगडे व ग्रोव्हर या ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून, सहांपैकी एक असलेले अजितनाथ रे सरन्यायाधीश झाले. रे मूळचे आमच्या कलकत्ता उच्च न्यायालयातील. डावललेल्या तिघांनी राजीनामे दिले.

ज्येष्ठतेचा नियम घटनेत नव्हता; होता तो केवळ प्रघात. (आम्हां कारकुनांच्या बढतीस निदान लेखी नियम असतात!) तेव्हा लाभ ज्याच्या पदरी पडला, त्याने तो नाकारावयास हवा होता काय?

'मी नाही म्हटले तर दुसरा हो म्हणेल,' हे उत्तर कोणत्याही कचेरीत ऐकू येते. खेळांच्या गणितातील दोन कैद्यांचा पेच असाच आहे : दुसरा काहीही करो, आपला फायदा फितुरीतच. परंतु येथील प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या अमर्त्य सेन यांनी १९६७ साली निराळा खेळ मांडला. त्यात इतरांची खात्री असेल तर प्रत्येकजण सचोटीनेच वागू इच्छितो; उणीव असते ती खात्रीची.

न्यायासनाचा पेच आम्हांस या दुसऱ्या जातीचा वाटतो. तिघांच्या राजीनाम्यांनी ती खात्री निर्माण झाली नाही, कारण ते डावललेल्यांचे होते. लाभार्थ्याचा नकार या वेळी दिसलाच नव्हता. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून देऊ केलेले पद बेग यांनीही स्वीकारले.

१९७८ साली, आणीबाणीतील निकालाबद्दल यशवंतराव चंद्रचूडांना डावलावे, असे काही कायदेपंडितच म्हणू लागले. जनता सरकारने मात्र ज्येष्ठता पाळली.