कौलावरचे नाव

बीजिंगच्या राजवाड्यावरील पिवळी कौले दुरून सोन्यासारखी झळकतात. दुरुस्तीसाठी खाली उतरवली, की कित्येकांची झिलई उडालेली आणि आतले फिकट अंग उघडे पडलेले आढळते. राजवाडा १४२० साली पुरा झाला. छपरावरची कौले मात्र शतकानुशतके बदलत आली आहेत.

ही झिलई का उडते, हे प्रयोगशाळेने नेमके सांगितले आहे. ती शिसे आणि सिलिका यांची काच. पिवळेपणा लोहाचा, हिरवेपणा तांब्याचा. ११०३ सालच्या ‘यिंगझाओ फाशी’ या बांधकामावरील ग्रंथातही शिशाचे भस्म, दगडाची पूड आणि तांब्याचा चुरा असेच घटक दिले आहेत. (शिशाचे भस्म म्हणजे आपल्या शेंदराच्याच कुळातले द्रव्य.) कौल दोनदा भाजत: आधी नुसते अंग, मग झिलई चढवून त्याहून कमी आचेवर. निवताना झिलई अंगापेक्षा अधिक आकसू पाहते, ताणली जाते आणि तडकते. त्या बारीक तड्यांतून पाणी शिरते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि पापुद्रा सुटतो. दोष एकट्या झिलईचा नाही की एकट्या मातीचा नाही. दोघींचे जुळत नाही, एवढाच.

इथवर प्रश्न रसायनाचा आहे. पुढे तो नीतीचा होतो. अंग शाबूत असलेल्या जुन्या कौलावर नवी झिलई चढवून ते पुन्हा भाजावे, असा उपाय अभ्यासकांनी काढला आहे. आता छिंग काळातील काही कौलांवर शिक्के आढळतात: दुकानदाराचे नाव, रंग मिसळणाऱ्याचे नाव, भट्टी लावणाऱ्याचे नाव. असे शिक्के गौरवासाठी नव्हे, तर माल खराब निघाल्यास जाब विचारता यावा म्हणून असत, असे मानले जाते. फेरभाजणीची आच मंद असल्याने शिक्का जसाच्या तसा राहतो. म्हणजे ज्याने हा रंग कधी पाहिला नाही, त्याच्या नावावर तो जमा होतो. टिकला तर श्रेय त्याचे आणि उडाला तर बोलही त्यालाच.

कुणी म्हणेल, घटक तेच, प्रमाण तेच, मग रंग त्याचाच नव्हे काय? मला हे पटत नाही. द्रव्य सारखे असले म्हणून जबाबदारी एकाची दुसऱ्याकडे जात नाही. मात्र तेवढ्यासाठी जुने कौल फेकून कोरे बसवावे, हेही मला मान्य नाही. अंग घडवणाऱ्याचे काम अजून पक्के आहे, त्याला त्या रंगाची शिक्षा कशासाठी? माझे म्हणणे इतकेच, की जुन्या शिक्क्याशेजारी नवा शिक्का उमटावा: झिलई कोणाची, साल कोणते. तो वगळला, तर मृत कारागिराच्या नावे आपण खोटी साक्ष देतो. ती त्याची स्तुती करणारी असली, तरी खोटीच.

अंगणातून वर पाहणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही. कौल चढले की शिक्का खालच्या लिंपणात दडतो आणि पुढच्या दुरुस्तीला कोणी ते उलटे करीपर्यंत तिथेच राहतो.