‘कोणती भारी?’ या प्रश्नाची किंमत

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचं वेड असलेली चार माणसं एकत्र बसली की पाचव्या मिनिटाला एक प्रश्न हमखास येतो : सगळ्यांत भारी कोणती? चहा निवतो, वाद निवत नाही. आमच्या नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर, गप्पांत अजून नगरच) तो जरा जास्तच रंगतो. गाव छावणीचं. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल इथं, रणगाड्यांचं संग्रहालय इथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं. शिवाय दौंड रस्त्यावर कायनेटिकचा कारखाना, म्हणजे लूनाचं गाव. आवाजावरून गाडी ओळखणारी माणसं इथं प्रत्येक गल्लीत एखादा तरी सापडतो.

या वादात पक्ष ठरलेले असतात. एक पक्ष बीएसए एम-20 चा. 500 सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, पुढं स्प्रिंगचा गर्डर फोर्क, वेग बेताचा, वजन भरपूर. दुसऱ्या महायुद्धात या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या ब्रिटिश फौजेसाठी बनल्या. एम-20 वाला कधी वेगाबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, ‘वाळूत, चिखलात, कशातही चालते, आणि बंद पडली तर रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त होते.’ दुसरा पक्ष मॅचलेस जी-3 एलचा. 350 सीसी, हलकी, आणि 1941 मध्ये फौजी गाडीला टेलिस्कोपिक फोर्क देणारी. हिच्यावर बसलेल्या माणसाला इतर फौजी गाड्या बैलगाडीसारख्या वाटतात, असं तिचे भक्त सांगतात.

तिसरा पक्ष ट्रायम्फचा. एडवर्ड टर्नरनं 1937 च्या स्पीड ट्विनमध्ये दोन सिलिंडर इतके आटोपशीर बसवले की पुढं कित्येक वर्षं बाकीचे कारखाने तोच कित्ता गिरवत राहिले. 1959 ची बॉनविल ही त्याच घराण्यातली. चौथा पक्ष नॉर्टनचा. त्यांना इंजिनापेक्षा फ्रेमचं कौतुक : 1950 ची ‘फेदरबेड’ फ्रेम, जिच्यामुळं वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी जाते. एखादा व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोचं नाव घेतो आणि सगळे क्षणभर गप्प होतात, कारण ती बहुतेकांनी फोटोतच पाहिलेली असते. आणि शेवटी बुलेटवाला. तो शांत असतो. त्याला ठाऊक असतं की बाकीच्यांच्या घरी वाद आहे आणि त्याच्या घरी गाडी आहे.

नीट ऐकलं तर लक्षात येतं की ही भांडणं गाड्यांची नसतातच. एम-20 वाला टिकाऊपणाची बाजू घेतो, ट्रायम्फवाला चपळाईची, नॉर्टनवाला नेमकेपणाची, बुलेटवाला सोबतीची. माणसानं कसं असावं याबद्दलची आपापली मतं आम्ही गाड्यांच्या नावानं मांडत असतो.

‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय मिटवता येतो. पण ‘मला आवडते’ आणि ‘भारी आहे’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्याला कारण द्यावं लागत नाही. दुसऱ्याला द्यावं लागतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानं 1757 मध्ये रसिकतेच्या कसोटीवर एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट येते. सांचोच्या दोन नातेवाइकांना वाइनचं एक पिंप चाखायला दिलं. एक म्हणाला, छान आहे, पण चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, छान आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली.

ह्यूमला यातून सांगायचं होतं की चव ही निव्वळ लहर नसते. सरावानं, तुलना करून करून ती तयार होते, आणि तयार जीभ जे ओळखते ते खरोखर तिथं असतं. आमच्या गटातही असे लोक आहेत. दूर ठेवलेल्या टाकीच्या आकारावरून साल सांगतात. बोल्ट बघून तो व्हिटवर्थ मापाचा आहे की नंतर कुणी मेट्रिक बसवलाय हे ओळखतात.

पण ह्यूमच्या गोष्टीत एक प्रश्न उरतो. तळाशी किल्ली आहे हे ज्याला कळलं, त्यानंच ते पिंप विकत घ्यायचं ठरवलं तर? आणि विकणाऱ्याला काहीच माहीत नसेल तर?

हा प्रश्न मला पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर पडला. कुणीतरी सांगितलं होतं की तिथं गोठ्यात जुनी फौजी गाडी आहे. आम्ही तिघं गेलो. कडब्याखाली खरोखरच एम-20 होती. चाकं जमिनीत रुतलेली, सीटवर कोंबडीनं घर केलेलं, पण मॅग्नेटो जागेवर, गर्डर फोर्क शाबूत. घरातले आबा सत्तरीच्या पुढचे. ‘आमच्या वडलांची,’ म्हणाले. ‘न्यायची तर न्या, काय द्यायचं ते द्या. भंगारवाला बी मागून गेला.’

माझ्या मित्रानं एक आकडा सांगितला. भंगारवाल्यापेक्षा चांगला होता. आबा मान डोलावणार, तेवढ्यात आमच्याबरोबर आलेले काका बोलले. आयुष्यभर फिटरकाम केलेला माणूस. म्हणाले, ‘आबा, थांबा. ह्या गाडीला पुण्या-मुंबईत अशी अशी किंमत येते. चालू केली तर अजून जास्त.’ आणि त्यांनी खरा आकडा सांगितला.

आबांनी गाडी विकली नाही. मुलांना विचारतो म्हणाले. मुलांनी ताडपत्री टाकली आणि आणखी मोठ्या गिऱ्हाइकाची वाट पाहायला लागले. त्यानंतर दोन पावसाळे गेले. गाडी अजून तिथंच आहे.

परतीच्या वाटेवर करंजी घाट उतरेपर्यंत मित्र बोलला नाही. मग म्हणाला, ‘काका, तुमच्या खरेपणानं गाडी मारली. मी नेली असती तर दिवाळीपर्यंत रस्त्यावर आणली असती.’

हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. मित्र काही दलाल नव्हता. त्यानं ती गाडी विकलीही नसती. वर्षानुवर्षं पुस्तकं वाचून, हात काळे करून, पैसे घालवून त्यानं ती नजर कमावली होती. त्या कष्टाचं मोल काहीच नाही का? आबांनाही तो फसवत नव्हता. एकही खोटं वाक्य बोलला नव्हता. आणि ज्या गाडीसाठी हे सगळं, ती आज गंजते आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोनं ‘दे ऑफिकिस’ या ग्रंथात जवळपास हेच भांडण मांडलं आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत, हे त्याला माहीत आहे, बेटावरच्यांना नाही. त्यानं सांगावं की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? बॅबिलॉनचा डायोजेनिस म्हणतो, खोटं बोलू नये, पण सगळं सांगायचं बंधन नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकत घेणाऱ्याला माहीत असावं असं तुला माहीत असलेलं काहीही लपवू नये. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूनं जातो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणं नव्हे, हे त्याला मान्य आहे. पण समोरच्याच्या हिताची गोष्ट केवळ आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं, हे लपवणंच.

आमच्या गोष्टीत ज्याला माहिती होती तो विकणारा नव्हता, घेणारा होता. त्यामुळं मित्राची बाजू थोडी बळकट होते, कारण आपल्याच वस्तूची चौकशी मालकानं करावी अशी अपेक्षा ठेवता येते. पण आबांनी चौकशी कुठं करायची? ती किंमत ठरते कुठं? आमच्याच गप्पांत. ‘कोणती भारी’ या वादात. एम-20 ‘क्लासिक’ आहे हे आम्ही एकमेकांना सांगतो, फोटो टाकतो, आकडे बोलतो आणि भाव वर जातो. त्या बोलण्यात आबा कधीच नसतात. मग आम्हीच वर नेलेला भाव आम्ही त्यांच्यापासून दडवतो. नजर मित्राची कमाई होती, कबूल. पण त्या दिवशी तो जो फायदा घेणार होता, तो त्याच्या नजरेतून कमी आणि आबांच्या अज्ञानातून जास्त येणार होता. माझ्या मते काका बरोबर होते. गाडी गंजली तरीही.

‘ओरिजिनल’ या आमच्या दुसऱ्या लाडक्या शब्दाचंही असंच आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून जास्त झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. नियमामागचा हेतू जतनाचा आहे. पण परिणाम पाहा. ज्या घरानं गाडी पन्नास वर्षं रोज वापरली, झिजलेला भाग गावच्या लेथवर करून बसवला, तिच्यावर दुधाच्या किटल्या वाहिल्या, त्यांची गाडी ‘बिघडवलेली’. ज्यानं ती काचेमागं उभी ठेवली त्याची ‘ओरिजिनल’. गाडीला जिवंत ठेवणारे हातच तिच्या खरेपणाला डाग ठरतात.

मुळात ‘मूळ’ राहिलंय तरी काय? रॉयल एनफील्डचा रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला आणि 1970 च्या सुमारास ब्रिटनमधलं उत्पादनच थांबलं. तिरुवोट्टियूरचा कारखाना, जो 1955 मध्ये उभा राहिलेल्या कंपनीचा, तो चालूच राहिला. नॉर्टन 2020 पासून टीव्हीएसच्या मालकीची आहे. बीएसएचं नाव महिंद्रांच्या क्लासिक लेजेंड्सकडं आहे. ट्रायम्फची 400 सीसीची गाडी बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून, म्हणजे नगरपासून तीन तासांच्या आत, बाहेर पडते. ब्रिटिश मोटरसायकल आज टिकून आहे ती बऱ्याच अंशी इथल्या हातांमुळं. मग पाथर्डीच्या लेथवर झालेला बुश ‘डुप्लिकेट’ कसा?

अर्धीच गोष्ट सांगण्याची आमची आणखी एक सवय आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. टाकीवरच्या खुणेत तीन रायफली एकमेकींना टेकवलेल्या. 1942 ते 1945 या काळात हजारोंनी एम-20 बनत होत्या, तेव्हाच आमच्या गावच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते आणि नेहरू तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. एकाच साम्राज्याची ही दोन कामं. म्हणून गाडीवर प्रेम करू नये, असं मी म्हणत नाही. लोखंड कुणाचं गुलाम नसतं, आणि आबांच्या वडलांनी ती गाडी कोणत्याही साम्राज्यासाठी वापरली नव्हती. पण तिची गोष्ट सांगायची तर या बाजूसह सांगावी. ‘त्या काळी काय दर्जा होता!’ एवढंच म्हणून थांबणं आणि आबांना किंमत न सांगणं, यांत मला एकच खोड दिसते : सोयीचं तेवढंच बोलायचं.

मला ‘कोणती भारी’ हा वाद बंद करायचा नाही. तो नसेल तर आमच्या रविवारी उरेल काय? पण त्यातून आपल्याला जे कळतं ते कुणाकडं आणि कधी पोहोचतं, याची जबाबदारीही आपलीच. गोठ्यातली गाडी दिसली तर आधी किंमत सांगावी, मग बोली लावावी. आपल्या नजरेचा आणि दुरुस्तीच्या कष्टांचा मोबदला उघडपणे मागावा. ‘बाजारात एवढे येतील, पण दुरुस्तीला इतका खर्च आहे, म्हणून मी एवढे देतो,’ असं म्हणायला काहीच हरकत नाही. आबा तेव्हा हो म्हणाले तर तो सौदा. नाही म्हणाले तर ताडपत्री.

एक साधी कसोटी आहे. सौदा झाल्यावर वर्षभरानं आबांना कुठून तरी खरा आकडा कळला, आणि त्याच गाडीवरून आपण त्यांच्या वस्तीवर गेलो, तर ते चहा टाकतील का? मागच्या महिन्यात काका त्या बाजूला गेले होते. आबांनी चहा केला, जेवायचा आग्रह केला, आणि ताडपत्री उचलून विचारलं, ‘मिस्तरी, निदान इंजिनात तेल तरी टाकून जाता का?’ काकांनी टाकलं. पैसे घेतले नाहीत. किक मात्र अजून जाम आहे.